तारीख ठरलेल्या जखमा: जनावरांना आणि माणसांना जखमेच्या जंतूंपासून वाचवण्याचे वेळापत्रक

जनावराच्या खुरात खिळा रुतला किंवा स्वतःच्या हातावर विळा बसला, की पहिली धावपळ होते ती इंजेक्शनसाठी. ते टोचून घेतले की जीव भांड्यात पडतो. पण ज्याने आधी कधीच धनुर्वाताची लस घेतलेली नाही, त्याला जखमेनंतर टोचलेला पहिला डोस त्या जखमेपुरता जवळजवळ निरुपयोगी असतो. शरीराला पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे विषाला किंवा जंतूला निकामी करणारी प्रथिने, तयार करायला काही आठवडे लागतात आणि जंतूचे काम त्याआधीच उरकते. उलट ज्याचे आधीचे डोस पूर्ण आहेत, त्याच्या शरीरात तेच इंजेक्शन आठवड्याभरात प्रतिपिंडांची पातळी भराभर वर नेते. औषध तेच, सुई तीच. फरक पडतो तो आधी काय केले होते याने.

म्हणून हे मार्गदर्शन जखमेपासून सुरू होत नाही. आणि एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही: बऱ्याच जखमांची तारीख आपणच ठरवतो. खच्चीकरण, शिंगकळ्या जाळणे, कानात बिल्ला मारणे, लोकर कातरणे, कोकरांची शेपटी कापणे या सगळ्या ठरवून केलेल्या जखमा आहेत. विण्याची तारीखही साधारण माहीत असते, आणि ताजी तुटलेली नाळ ही जखमच. माणसांत बाळंतपण आणि ठरवून केलेली शस्त्रक्रिया याच यादीत बसतात. तारीख माहीत असेल तर मागे मोजता येते. या लेखातले बहुतेक काम असे मागे मोजण्याचेच आहे.

पायरी १: कोणत्या जंतूविरुद्ध लस चालते, ते आधी ओळखा

जखमेतले जंतू दोन वेगळ्या पद्धतींनी नुकसान करतात आणि त्यावरच सगळे अवलंबून आहे.

पहिला गट विष सोडणाऱ्यांचा. त्यात मुख्यतः क्लॉस्ट्रिडियम कुळातले जंतू येतात. क्लॉस्ट्रिडियम टेटानीमुळे धनुर्वात होतो. क्लॉस्ट्रिडियम शोव्हीमुळे गुराढोरांत फऱ्या होतो. सेप्टिकम आणि नोव्ही या जाती जखमेभोवती झपाट्याने पसरणारी सूज आणतात. झुंजणाऱ्या मेंढ्यांची डोकी सुजतात ती बहुधा नोव्हीमुळे. परफ्रिंजेन्स हे माणसातल्या वायुकोथाचे, म्हणजे गॅस गँगरीनचे, सर्वात ठरलेले कारण. हे जंतू ऑक्सिजन असलेल्या जागी वाढत नाहीत. प्रतिकूल काळात ते बीजाणूंच्या रूपात माती आणि शेणात वर्षानुवर्षे टिकतात. धनुर्वाताचे बीजाणू नुसत्या उकळीने खात्रीने मरत नाहीत. १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ साधारण १५ ते २० मिनिटे लागते. उकळत्या पाण्यात बुडवून काढलेली खच्चीकरणाची सुरी स्वच्छ दिसते, पण ती निर्जंतुक झाली असे धरून चालू नका.

धनुर्वाताच्या विषाची ताकद अफाट आहे. माणसासाठी प्राणघातक मात्रा वजनाच्या किलोमागे सुमारे २.५ नॅनोग्रॅम मानतात. ७० किलोच्या माणसासाठी हे गणित १७५ नॅनोग्रॅमवर येते, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाच हजारावा भागही नाही. यातून एक विचित्र गोष्ट निघते: जीव घ्यायला जेवढे विष पुरते, तेवढे प्रतिकारयंत्रणेला जागे करायला पुरत नाही. त्यामुळे धनुर्वात होऊन गेलेल्या माणसाला किंवा घोड्याला त्या आजारामुळे प्रतिकारशक्ती मिळत नाही. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. धोका प्रत्येकाला थेट मातीतून असतो. आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली तरी न घेतलेल्याला त्याचा काडीइतका फायदा नाही.

ही लस विषाविरुद्ध असते, जंतूविरुद्ध नाही. १८८९ साली जपानी जंतुशास्त्रज्ञ कितासातो यांनी हा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवला. पुढच्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ बेहरिंग आणि त्यांनी मिळून दाखवले की, विषाची सवय लावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवाने दुसऱ्या प्राण्याला वाचवता येते. १९२०च्या दशकात फ्रेंच पशुवैद्यक गास्तों रामों यांनी फॉर्मॅलिन आणि उष्णता वापरून विषाची धार काढली, पण शरीराला ओळख पटेल एवढा त्याचा आकार शाबूत ठेवला. तेच टॉक्सॉईड. रामों प्रतिविषासाठी, म्हणजे विषाला निकामी करणाऱ्या तयार प्रतिपिंडांच्या रक्तद्रवासाठी, घोड्यांना टोचत होते तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की टोचलेल्या जागी गळू झालेले घोडे जास्त प्रतिविष देतात. मग त्यांनी मुद्दाम लसीत टॅपिओका मिसळून पाहिला. आजच्या लसींतले ॲल्युमिनियमचे क्षार त्याच विचाराचे पुढचे रूप. थोडक्यात, माणसाच्या दंडात जे टोचले जाते त्याची बरीचशी उमेदवारी तबेल्यात झालेली आहे.

दुसरा गट पू करणाऱ्यांचा: स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्ट्रेप्टोकोकस, भाजलेल्या जखमांत शिरणारा स्यूडोमोनास, गुरांच्या गळवांत हमखास सापडणारा ट्रूपेरेला पायोजेन्स. यांच्याविरुद्ध माणसाला जखमेसाठी देता येईल अशी लस नाही. स्टॅफिलोकोकसवर मोठ्या चाचण्या झाल्या आणि फसल्या. एकदा गळू झाले म्हणून पुढच्या वेळी होणार नाही, असेही नसते. इथे लढतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. त्यांना जखमेपर्यंत रक्तपुरवठा हवा आणि समोर मेलेल्या मांसाचा, मातीचा ढीग नको. म्हणजे या गटाविरुद्ध आपल्या हातात पाणी, कात्री आणि वेळ एवढेच असते. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी पावडर आणि टॉनिके इथे काही करतात, यावर माझा विश्वास नाही. खरी कमतरता असेल, उदाहरणार्थ जनावरात तांबे, सेलेनियम किंवा झिंकची, तर ती भरून काढल्याने फरक पडतो. माणसात ताब्यात नसलेला मधुमेह आणि धूम्रपान जखम चिघळवतात, आणि त्यावर कुठलीही बाटली उपाय नाही.

या दोहोंच्या मध्ये थोडे जंतू उरतात. फाशी अर्थात अँथ्रॅक्सविरुद्ध जनावरांसाठी पशुवैद्यक स्टर्न यांनी १९३०च्या दशकात तयार केलेली जिवंत बीजाणूंची लस आजही वापरात आहे. डुकरांच्या एरिसिपेलसविरुद्ध डुकरांना लस आहे, पण त्याच जंतूने हातावरच्या चिरेतून लाल-जांभळी सूज येणाऱ्या खाटकाला किंवा मासे साफ करणाऱ्याला नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या गाठींचा आजार कातरणीच्या ओरखड्यांतून पसरतो. त्यावर काही देशांत मेंढ्यांसाठी लस मिळते. ती गाठी कमी करते, कळप पूर्ण मोकळा करत नाही.

पायरी २: जुनी नोंद शोधा; नसेल तर डोस नाहीत असे धरा

घरातल्या प्रत्येक माणसापुढे दोन गोष्टी लिहा: धनुर्वाताचे एकूण किती डोस झाले आणि शेवटचा कधी. ‘लहानपणी सगळे दिले असतील’ ही नोंद नव्हे. बाळांना मिळणाऱ्या एकत्रित लसीत धनुर्वाताचा भाग असतोच, त्यामुळे जुने कार्ड सापडले तर बरेच काम होते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस एकूण ६ डोसांची आहे: बाळपणी किमान ४ आठवड्यांच्या अंतराने ३, मग १२ ते २३ महिने, ४ ते ७ वर्षे आणि ९ ते १५ वर्षे या वयांत एकेक. अनेक देशांत प्रौढांना त्यानंतर दर १० वर्षांनी बूस्टर, म्हणजे आधीचे संरक्षण ताजे करणारा डोस, देतात. वयस्क माणसे आणि गुराढोरांत रोज वावरणारी माणसेच या नोंदीत बहुधा सर्वात मागे पडलेली निघतात.

जनावरांच्या बाबतीत बाटलीवरचे नाव पुरेसे नाही, आतली यादी वाचा. ही चूक फार महाग पडते. गुरांसाठीच्या नेहमीच्या ‘सात घटकांच्या’ क्लॉस्ट्रिडियम लसीत फऱ्या, सेप्टिकम, नोव्ही वगैरे असतात, धनुर्वात मात्र नसतो. आठ घटकांच्या लसींतही आठवा घटक कधी धनुर्वाताचा असतो, कधी भलत्याचाच. लेबलवर टेटानी हे नाव दिसल्याशिवाय संरक्षण आहे असे मानू नका. तसेच निव्वळ फऱ्याची लस दिलेले वासरू धनुर्वातासाठी कोरेच असते.

कोणाला किती धोका, हेही सारखे नाही. धनुर्वाताला घोडा सर्वात संवेदनशील. त्याखालोखाल मेंढ्या-शेळ्या आणि माणूस. गुरे त्यामानाने चिवट, कुत्री-मांजरे आणखी, कोंबड्या जवळजवळ दाद देत नाहीत. फऱ्याचा क्रम वेगळा: साधारण ६ महिने ते २ वर्षांची, चांगली पोसलेली, अंगाने भरलेली गुरे त्याला बळी पडतात. गुरांत त्याला बाहेरची जखम लागतच नाही. पोटातून गेलेले बीजाणू स्नायूत निपचित पडून असतात आणि मुका मार लागून तिथला रक्तपुरवठा कमी झाला की जागे होतात. मेंढ्यांत मात्र तो कातरणी, शेपटी कापणे, विणे अशा उघड्या जखमांतून येतो.

पायरी ३: ठरलेल्या तारखेपासून मागे मोजा

नियम सोपा आहे. पहिला डोस ओळख करून देतो, दुसरा ताकद देतो, आणि भरवसा धरायचा तो दुसऱ्यानंतर साधारण २ आठवड्यांनी. दोन डोसांत ४ ते ६ आठवडे. म्हणजे कोऱ्या जनावराचे खच्चीकरण करायचे तर तयारी ६ ते ८ आठवडे आधी सुरू व्हायला हवी. ज्या दिवशी कापायचे त्याच दिवशी टोचणे ही सोय आपली, संरक्षण जनावराचे नव्हे.

रबरी कडे लावून केलेल्या खच्चीकरणाकडे विशेष लक्ष द्या. रक्त येत नाही म्हणून ही पद्धत निर्धोक वाटते. पण कड्याखाली रक्ताविना मरत जाणारे मांस ही धनुर्वाताच्या जंतूला हवी तशी जागा आहे: ऑक्सिजन नाही, शेणमाती भरपूर, आणि हे कित्येक दिवस चालते. वाढलेल्या गोऱ्ह्याला कडे लावणार असाल तर धनुर्वाताचे दोन्ही डोस आधी झालेच पाहिजेत. तेवढा वेळ नसेल तर काय करायचे ते पायरी ७ मध्ये आहे.

फऱ्याची लस साधारण ३ ते ६ महिन्यांच्या वयात सुरू करतात, मग बूस्टर, आणि जिथे हा आजार दिसत आला आहे तिथे दरवर्षी, धोक्याचा हंगाम सुरू होण्याआधी. घोड्याला दोन डोसांनंतर दरवर्षी बूस्टर हा रूढ प्रघात; काही लसींना दोन-तीन वर्षांचे अंतर चालते, लेबल सांगेल तसे. शेळ्या-मेंढ्यांच्या लसीत धनुर्वात आणि आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाचा आजार) बहुतेकदा एकत्र असतात. पिलांना ६ ते ८ आठवड्यांच्या वयात पहिला, ३-४ आठवड्यांनी दुसरा, मग वार्षिक. फाशीची लस फक्त धोक्याच्या भागात आणि सरकारी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. ती जिवंत असल्याने आगेमागे आठवडाभर प्रतिजैविके देऊ नका, नाहीतर औषध लसच मारून टाकते.

कातरणीच्या क्रमानेही पुष्कळ साधते: तरुण मेंढ्या आधी, म्हाताऱ्या आणि गाठी असलेल्या सर्वात शेवटी. ताज्या कातरलेल्या मेंढ्यांना लगेच औषधाच्या हौदातून काढणे म्हणजे एकीच्या फुटलेल्या गाठीतले जंतू सगळ्यांच्या ओरखड्यांत पोचवणे.

पायरी ४: नवजाताची जखम आईच्या अंगातून भरून निघते

नाळेची जखम प्रत्येकाला होते आणि नवजाताकडे स्वतःची तयार प्रतिपिंडे नसतात. ती आईकडून यावी लागतात. इथे माणूस आणि गुरेढोरे यांच्यात मोठा फरक आहे, आणि ज्याच्या घरी दोन्ही आहेत त्याने तो नीट समजून घ्यावा.

माणसाच्या वारेतून आयजीजी जातीची प्रतिपिंडे गर्भातच बाळाकडे जातात. म्हणून गरोदर बाईला दिलेली धनुर्वाताची लस जन्माआधीच बाळाचे रक्षण करते. आधी एकही डोस नसेल तर गरोदरपणात किमान २ डोस, त्यांच्यात किमान ४ आठवडे आणि दुसरा प्रसूतीच्या किमान २ आठवडे आधी. पहिला डोस शक्य तितक्या लवकर द्या. मूल वेळेआधी जन्मले तर हे गणित कोलमडते. पुढचे ३ डोस नंतर ठरलेल्या अंतराने घेतले की पुढच्या बाळंतपणांचीही सोय होते. १९८८ मध्ये नवजात बालकांचे धनुर्वाताने अंदाजे ७ लाख ८७ हजार मृत्यू झाले होते. २०१८ मध्ये हा अंदाज सुमारे २५ हजारांवर आला. हे घडले ते बायकांना लस देऊन आणि नाळ स्वच्छ कापून. नाळेवर शेण, राख, माती किंवा तेल काहीही लावू नका. निर्जंतुक पाते, निर्जंतुक दोरा, आणि नंतर नाळ कोरडी व उघडी. जिथे प्रसूती घरी होते तिथे आरोग्यसेविका क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक देते, ते तिने सांगितल्याप्रमाणे लावावे.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि घोडी यांच्या वारेतून मात्र प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळपास नसतात. जे मिळायचे ते चिकातून. शिवाय आतड्यातून ती अख्खी शोषली जाण्याचा काळ फार छोटा: पहिले सहा तास सर्वोत्तम, नंतर वेगाने उतरण, आणि २४ तासांनी दार बंद. म्हणून:

गाभण जनावराला विण्याआधी ४ ते ६ आठवडे बूस्टर द्या, म्हणजे चीक तयार होतो तेव्हा रक्तातली प्रतिपिंडे भरात असतात. कोऱ्या जनावराला एकच बूस्टर पुरणार नाही. त्याला दोन डोस लागतील आणि त्यासाठी आणखी आधी सुरुवात करावी लागेल.

वासराला वजनाच्या सुमारे १० टक्के चीक पहिल्या काही तासांत पोटात गेला पाहिजे. ३५-४० किलोच्या वासराला साडेतीन ते चार लिटर. ‘स्वतःच पिईल’ यावर सोडू नका. अशक्त किंवा अवघडून जन्मलेले वासरू तासन्‌तास उभेच राहत नाही. चिकाची प्रत डोळ्यांनी कळत नाही, दाट दिसतो म्हणून चांगला असे नाही. ब्रिक्स मापकावर (चिकाचा थेंब घालून त्यातल्या विरघळलेल्या घटकांचे प्रमाण दाखवणारे छोटे उपकरण) २२ किंवा त्याहून वर आकडा आला तर तो चांगला. जास्तीचा चांगला चीक गोठवून ठेवा आणि गरज पडली की ५० अंशांपेक्षा गरम नसलेल्या पाण्यात बाटली ठेवून वितळवा. उकळत्या पाण्याने किंवा विस्तवावर वितळवला तर प्रथिने साकळतात आणि राहते ते नुसते अन्न.

आईकडून आलेल्या प्रतिपिंडांची एक अडचण आहे. ती रक्तात भरपूर असताना पिलाला दिलेली लस नीट रुजत नाही. म्हणून लस घेतलेल्या घोडीच्या शिंगराला ४ ते ६ महिन्यांनंतर सुरुवात करतात. आईला लस नसेल तर त्याहून लवकर. लवकर दिलेला डोस वाया गेला असेल, तर मोजणीत तो धरू नये.

नाळेची बाहेरची जखम जनावरातही दुर्लक्षित राहते. कोरडी, ताज्या गवताची किंवा पेंढ्याची जागा आणि जन्मल्याबरोबर आयोडीनच्या द्रावणात नाळ बुडवणे, एवढ्याने नाळ पिकण्याचे आणि पुढे सांधे सुजण्याचे बरेच प्रकार टळतात. हे पू करणाऱ्यांचे काम, त्यांना लस नाही, म्हणून इथे हात राखू नका.

पायरी ५: लस मारू नका

धनुर्वाताची आणि क्लॉस्ट्रिडियमच्या बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. उष्णतेची सगळ्यांना भीती असते, पण ॲल्युमिनियमयुक्त लसीचा खरा शत्रू बर्फ आहे. एकदा गोठली की ती कायमची गेली, वितळल्यावर नेहमीसारखी दिसली तरी. बर्फाच्या थैलीला चिकटवून नेऊ नका, फ्रीजच्या वरच्या गोठणाऱ्या खणाजवळ ठेवू नका. टोचण्याआधी बाटली नीट हलवा. तळाशी बसलेला भाग न हलवता घेतला तर पहिल्या जनावरांना पाणी आणि शेवटच्यांना सगळा गाळ मिळतो.

गुरे-मेंढ्यांत टोचायचे ते कातडीखाली, मानेच्या बाजूला, कोरड्या व स्वच्छ जागी. ओल्या, शेणाने माखलेल्या कातडीतून सुई घातली की तुम्हीच एक जखम करून जंतू आत ढकलता. बाटलीत परत वापरलेली सुई घालू नका. टोचल्या जागी लहानशी गाठ येते आणि विरते. पू झाला तर ती सुईची चूक, लसीची नव्हे.

पायरी ६: जखम झाली. आधी पाणी

लसीची नोंद शोधण्याआधी नळ सोडा. भरपूर स्वच्छ वाहते पाणी, त्यासोबत साबण, आणि हात चालू ठेवा. मोठ्या जखमेला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ हे प्रमाण टोचत नाही आणि पेशींना मारत नाही. कुत्र्या-मांजराच्या चाव्याला साबण-पाण्याने १५ मिनिटे धुणे ही रेबीजसाठीची अट आहे. ती पाळलीत तर बाकी जंतूही हटतात. मांजराच्या दातांनी झालेल्या बारीक, खोल भोकांकडे जास्त लक्ष द्या. त्यांत पाश्चुरेला मल्टोसिडा सहसा असतो आणि २४ तासांच्या आत हात सुजून तांबडालाल होतो. त्यावर लस नाही, डॉक्टरने दिलेले प्रतिजैविकच हवे.

जनावराच्या जखमेभोवतीचे केस आधी कापा. कापलेले केस जखमेत पडू नयेत म्हणून जखमेवर ओली पट्टी झाका. मग धुवा, सुटलेले मेलेले मांस आणि माती, काडी काढा. पोव्हिडोन आयोडीन पातळ करूनच लावा. तीव्र द्रावण जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मारते. डिझेल, फिनाईल, हळदीचा लेप असले काही आत भरू नका. त्याने पोकळी बंद होते आणि आतला भाग ऑक्सिजनविना राहतो. अळ्या पडू नयेत म्हणून माशांपासून बचाव करणारे औषध कडेने लावा.

शिवण्याची घाई नको. मातीने भरलेली, चिरडलेली किंवा उशिरा दाखवलेली जखम लगेच शिवली की वरून सुंदर दिसते आणि आत क्लॉस्ट्रिडियमला बंद खोली मिळते. अशी जखम धुऊन, मेलेले मांस काढून उघडी ठेवतात आणि तीन ते पाच दिवसांनी स्वच्छ राहिली तर शिवतात. पहिल्या महायुद्धात वायुकोथाने हजारो सैनिक गेल्यानंतर डॉक्टरांना हे पक्के शिकावे लागले. वायुकोथाची माणसासाठी लस आजही नाही.

‘गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो’ हे अर्धे खरे. दोष गंजाचा नाही. जुना खिळा मातीत पडलेला असतो आणि तो खोल, बारीक भोक पाडतो जे बाहेरून मिटते. चकचकीत नव्या सुईने, काट्याने किंवा घोड्याच्या खुरात चुकीच्या जागी बसलेल्या नालेच्या खिळ्यानेही तेच घडते. आणि खूप रक्त वाहिलेल्या उघड्या जखमेपेक्षा विसरून गेलेले खुरातले भोक धनुर्वाताला अधिक उपयोगी.

पायरी ७: कोणाला काय टोचायचे

माणसासाठी ठरवणारे प्रश्न दोनच. डोस ३ किंवा अधिक झाले आहेत का? शेवटचा कधी? तीन पूर्ण असतील आणि जखम लहान व स्वच्छ असेल, तर १० वर्षे उलटली असतील तरच बूस्टर. जखम घाण, खोल, भाजलेली किंवा चिरडलेली असेल, तर ५ वर्षे उलटली असतील तर बूस्टर. दर ओरखड्याला इंजेक्शन घेणे चांगले नाही. फार जवळजवळ घेतलेल्या डोसांनी हात जोरात सुजतो.

तीनपेक्षा कमी डोस किंवा नोंद नाही, आणि जखम घाण: अशा वेळी लस आणि तयार प्रतिपिंडे दोन्ही हवीत. मानवी धनुर्वात इम्युनोग्लोब्युलिन सहसा २५० युनिट, लसीपेक्षा वेगळ्या जागी, वेगळ्या सिरिंजने. हे उसने बळ लगेच कामाला येते आणि काही आठवड्यांनी ओसरते, म्हणून राहिलेले डोस तारखेला पूर्ण करणे टाळता येत नाही. घोड्याच्या रक्तद्रवापासूनचे प्रतिविष दिले जात असेल तर तीव्र ॲलर्जीचा धोका असतो. ते दवाखान्यातच, तयारीनिशी घ्यावे. प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना घाण जखमेवर इम्युनोग्लोब्युलिन लागू शकते, डोस पूर्ण असले तरी. डॉक्टरला ते आपणहून सांगा.

घोड्याचे दोन डोस झालेले असतील आणि शेवटच्याला ६ महिने होऊन गेले असतील, तर खोल जखमेनंतर किंवा शस्त्रक्रियेआधी बूस्टर. कोऱ्या घोड्याला प्रतिविष आणि टॉक्सॉईड, मानेच्या दोन वेगळ्या बाजूंना. प्रतिविष सरसकट देऊ नये याला कारण आहे: घोड्यापासून बनवलेल्या अशा द्रव्यांनंतर काही घोड्यांचे यकृत काही आठवड्यांनी निकामी होते. पशुवैद्यक अर्नोल्ड थायलर यांनी १९१८-१९ च्या सुमारास याचे वर्णन केले होते. वेळेवर लसवलेल्या घोड्याला हे द्यावेच लागत नाही. गुरे, मेंढ्या आणि शेळ्यांतही हाच क्रम: अचानक झालेली मोठी जखम किंवा न टळणारी शस्त्रक्रिया असेल तर पशुवैद्यक प्रतिविषाने दोन-तीन आठवड्यांची सोय करतात आणि त्याच दिवशी लसमाला सुरू करतात.

पायरी ८: तीन आठवडे नजर ठेवा

धनुर्वात बहुधा ३ ते २१ दिवसांत उमटतो, तोवर जखम भरलेलीही असू शकते. माणसात दातखीळ बसू लागणे, गिळताना त्रास, ताठ मान आणि पोट. बाळ पहिले दोन दिवस नीट दूध पिते आणि मग ओढायचे थांबते, हे वाक्य आईने सांगितले की लगेच रुग्णालय गाठा. घोड्याची तिसरी पापणी डोळ्यावर येते, कान ताठ, शेपूट उचललेली, चारही पाय खांबासारखे फाकवून उभा. गुरांत पोटफुगी वारंवार होणे ही सुरुवात असू शकते. आवाजाने किंवा उजेडाने झटके येत असतील तर अंधार, शांतता आणि डॉक्टर. यापुढे प्रतिविष उरलेल्या मोकळ्या विषालाच गाठते. मज्जातंतूंच्या आत शिरलेल्याला नाही. म्हणून उशीर महाग पडतो.

फऱ्यात मांडी किंवा खांद्यावर गरम, दुखरी सूज येते, मग ती थंड पडते आणि दाबली की आतून चरचर ऐकू येते. ताप, लंगडणे, आणि एक-दोन दिवसांत मृत्यू. पेनिसिलिन लवकर दिले तरच आशा. कळपातल्या बाकीच्यांना त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून लस व सल्ला घ्या. माणसात जखमेच्या मानाने भलतीच वेदना, तपकिरी पाणी आणि कातडीखाली तीच चरचर असेल तर पट्टी बदलत बसू नका; तिथे तासांचा हिशोब असतो.

अचानक मेलेल्या, नाका-गुदातून काळसर रक्त येणाऱ्या जनावराचे प्रेत चिरू नका. फाशीचा जंतू हवेला लागला की बीजाणू बनवतो, आणि तुमच्या हातावरची चीर त्याला पुरते. त्या जागी दुखत नसलेला, मध्यभागी काळा पडणारा फोड आला तर डॉक्टरला मेलेल्या जनावराबद्दल सांगितल्याशिवाय राहू नका.

पायरी ९: वाचलेल्याची लस

धनुर्वातातून उठलेला माणूस घरी जाताना त्याच्या कार्डावर पहिला डोस टोचल्याची नोंद हवी आणि पुढच्या दोनांच्या तारखा. इम्युनोग्लोब्युलिन दिलेले असले तरी लस वेगळ्या जागी सुरू करता येते. जनावरही तसेच: बरे झालेल्या घोड्याला किंवा बोकडाला दोन्ही डोस पूर्ण करा. कळपातली बाकी जनावरे त्याच मातीवर चरतात, त्यामुळे त्यांच्या नोंदी त्याच दिवशी काढा आणि ज्यांच्यापुढे काही लिहिलेले नाही त्यांच्यापासून टोचायला सुरुवात करा.